खिशातला शिबिराचा कागद

गेल्या पावसाळ्यात पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून एका शेतमजुराला माझ्याकडे आणलं. वय पंचावन्नच्या आसपास. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, जीभ जड. आदल्या रात्री जेवताना हातातली भाकरी गळून पडली, तेव्हा घरच्यांना कळलं की अंगावरून वारं गेलंय. रात्री गाडी मिळाली नाही. सावळघाटातून नाशिकला पोहोचेपर्यंत बारा तास उलटले होते. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

सदऱ्याच्या खिशात प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि घडीवर चिरत चाललेला एक कागद, आठ महिन्यांपूर्वीच्या आरोग्य शिबिराचा. वर मान्यवरांचे फोटो आणि खाली पेननं लिहिलेलं : बीपी १८०/११०, फिजिशियनला दाखवावे. मी त्यांच्या पत्नीला विचारलं, दाखवलं का कुणाला? त्या म्हणाल्या, "शिबिरात दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या म्याडम. त्या खाल्ल्या. मग बरंच वाटत होतं त्यांना."

बरं वाटणारच. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. त्या दिवशी तपासलेल्या सगळ्यांची संख्या शिबिराच्या अहवालात 'लाभार्थी' म्हणून गेली असेल आणि त्या संख्येत हे गृहस्थही असतील. त्यांचा हात कायमचा लुळा पडला, ही नोंद मात्र कुठल्याच अहवालात जाणार नाही, कारण तसा रकानाच नसतो.

वीस वर्षांहून जास्त काळ नाशिकमध्ये फिजिशियन म्हणून काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. एखादी नवी गोळी बाजारात येण्याआधी आपण तिला शंभर प्रश्न विचारतो. कुणाला दिली, कुणाला दिली नाही, दोन्हीकडे किती मेले, किती जगले, त्रास कुणाला झाला? हे प्रश्न विचारल्याशिवाय ती गोळी लाखो लोकांच्या पोटात घालणं आपण गुन्हा मानतो. आरोग्य योजनाही लाखो लोकांवरच केलेला उपचार असते. तिला मात्र आपण एवढंच विचारतो की निधी किती आणि उद्घाटन कधी. हे बदललं पाहिजे, आणि ते आपल्या जिल्ह्यापासून बदलता येईल.

रक्तदाबाचंच घेऊ, कारण त्यात वाद घालायला जागाच उरलेली नाही. वरचा रक्तदाब दहा अंकांनी खाली आणला की पक्षाघाताचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो, हे लाखो रुग्णांच्या चाचण्या एकत्र तपासून २०१६ साली मांडलं गेलं. त्यासाठी लागणाऱ्या एका साध्या गोळीची किंमत टपरीवरच्या चहापेक्षा कमी आहे. ती गोळी पाड्यावरच्या माणसापर्यंत दर महिन्याला कशी पोहोचवायची, याचंही उत्तर सापडलेलं आहे. २०१७ च्या अखेरीस देशातल्या पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे निवडले होते. त्यात एकही भारी यंत्र नव्हतं. उपचाराचा एकच ठरलेला क्रम सगळ्या केंद्रांत पाळायचा, मोजकीच औषधं ठेवायची पण ती संपू द्यायची नाहीत, रुग्णाला महिन्याभराच्या गोळ्या एकदम द्यायच्या, नर्सनं बीपी मोजून कार्डावर लिहायचं आणि जो आला नाही त्याला फोन करायचा. उपचार घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांचा रक्तदाब आटोक्यात आला. ज्या देशात बहुसंख्य रुग्णांचा बीपी आटोक्यात नसतो, तिथे हे मोठं यश आहे.

या कामाचा फोटो निघत नाही, ही त्याची खरी अडचण आहे. शिबिराला मंडप लागतो, फ्लेक्स लागतो, एका दिवसात हजार माणसं दिसतात. उपकेंद्रात मंगळवारी अकरा वाजता एका म्हातारीनं चौथ्या महिन्याच्या गोळ्या नेल्या, हे कुणाला दिसणार?

शिबिरांवर माझा राग नाही. मी स्वतः अनेक शिबिरांत बसले आहे. पण सरसकट तपासण्यांचा उपयोग किती, हेही मोजून झालं आहे. निरोगी दिसणाऱ्या प्रौढांच्या सर्वसाधारण आरोग्य तपासणीवरच्या सतरा चाचण्या, त्यांतले सुमारे अडीच लाख लोक, असा सगळा पुरावा कॉक्रेन या संस्थेनं एकत्र करून २०१९ मध्ये मांडला. मृत्यू कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. कॉलेज रोडपासून पंचवटीपर्यंत प्रत्येक चौकात 'फुल बॉडी चेकअप'च्या सवलतीचे बोर्ड लागलेले असताना हे सांगणं कटू आहे, तरी सांगते. तपासणीचा उपयोग तिच्यामागे उभ्या असलेल्या उपचारापुरता असतो. मागे काही नसेल तर तो फक्त खिशातला कागद होतो.

याचं उलटं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागानं, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा एक अभ्यास झाला आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच केलेली एचपीव्ही चाचणी (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी) आणि दोष आढळलेल्या बाईवर लगेच उपचार, एवढ्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. या अभ्यासावर एक रास्त आक्षेपही घेतला गेला. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांना तपासणी मिळाली नव्हती, हे योग्य होतं का? मला तो आक्षेप महत्त्वाचा वाटतो. आणि म्हणूनच त्या स्त्रियांच्या जिवावर मिळालेलं उत्तर कपाटात ठेवून देणं मला जास्त अपराधाचं वाटतं. आपल्या जिल्ह्यातल्या सुरगाणा या आदिवासी तालुक्यात किती बायकांची आयुष्यात एकदा तरी ही चाचणी झाली आहे?

इथे एक मुद्दा हमखास निघतो. बैठकीत कुणीतरी म्हणतं, "मॅडम, हे पुरावे-बिरावे परदेशात ठीक. आपल्याकडची परिस्थिती वेगळी." हे ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं, कारण गरिबांच्या आजारांवरचे जगातले काही उत्तम पुरावे याच मातीतून आले आहेत. १९५६ मध्ये मद्रासमध्ये क्षयरोग्यांचे दोन गट केले. एकाला सॅनिटोरियममध्ये पलंग, चांगला आहार आणि विश्रांती दिली. दुसऱ्याला तीच औषधं घरी, झोपडीत, अपुऱ्या अन्नावर दिली. घरी राहिलेलेही जवळपास तेवढ्याच प्रमाणात बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना लागण जास्त झाली असंही आढळलं नाही. साऱ्या जगानं सॅनिटोरियम बंद करून घरी उपचार सुरू केले, त्यामागे हा अभ्यास आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून तोंडानं पाजलं. पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, मरणाऱ्यांचं प्रमाण तिथे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन या स्वस्त गोळीनं जीव वाचतो हे १९८६ मध्ये जगापुढे ठेवलं. कोकणातल्या एका गावातल्या डॉक्टरनं हे केलं, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते.

आणि गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून त्यावर उपचार करायला शिकवलं. ३९ गावांत हे केलं आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्क्यांची घट होती. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. देशभरच्या आशाताईंच्या कामात घरी जाऊन बाळाची काळजी घेणं अधिकृतपणे आलं ते २०११ मध्ये. मधली बारा वर्षं कुठे गेली? पुरावा मिळवण्यात आपण कमी पडत नाही. मिळालेला पुरावा उचलण्यात पडतो.

हे मला सगळ्यात जास्त टोचलं ते एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. त्या महिन्यातलं नाशिक ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. रेमडेसिविरसाठी औषध दुकानांबाहेर रांगा होत्या. लोक मंगळसूत्र मोडून इंजेक्शन आणत होते. एका मुलानं वडिलांसाठी सहा कुप्या कुठून कुठून जमवून माझ्या हातात दिल्या, तेव्हा वडील जाऊन अर्धा तास झाला होता. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीनं त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितलं होतं की रुग्णालयात दाखल रुग्णांचे मृत्यू या औषधानं फारसे कमी होत नाहीत. पुढे काही अभ्यासांत, अगदी सुरुवातीला दिल्यास उपयोग दिसला. पण घर विकून आणावी अशी ती संजीवनी नव्हती. प्लाझ्माचंही, म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातून काढलेल्या द्रवाचंही, तेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी करून प्लाझ्मानं मृत्यू टळत नाहीत हे २०२० मध्येच दाखवलं होतं. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून तो वगळला गेला मे २०२१ मध्ये. तोपर्यंत नातेवाईक दाते शोधत शहरभर धावत होते, आणि त्यांना चिठ्ठी लिहून देणारे आम्ही डॉक्टरच होतो. मीही लिहिल्या. समोरचा माणूस हात जोडून उभा असताना 'याचा उपयोग नाही' म्हणायचं धाडस मला दरवेळी झालं नाही. ती माझी चूक होती आणि मी ती मान्य करते.

त्याच साथीत खरोखर जीव वाचवणारं औषध होतं डेक्सामेथासोन, काही रुपयांचं जुनं स्टिरॉइड. ब्रिटनमधल्या चाचणीनं जून २०२० मध्ये दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्यानं एक तृतीयांशानं घटतात. त्याच चाचणीनं हेही सांगितलं होतं की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा नाही. आपण पहिलं वाक्य घेतलं, दुसरं सोडून दिलं. घरी बसलेल्या, साधा ताप असलेल्या माणसांनाही भरमसाट स्टिरॉइड दिलं गेलं, साखर वाढली, आणि मग काळ्या बुरशीचे रुग्ण यायला लागले. काहींचे डोळे काढावे लागले. औषध चालतं की नाही एवढंच पाहून पुराव्याचं काम संपत नाही. कुणाला, कधी, किती, हेही त्यातच असतं, आणि धोरणातही नेमकं तेच हरवतं.

आता क्षयरोगाकडे येते. या एका विषयावर मी अजून आग्रही आहे. द्राक्ष खुडणीच्या हंगामात सुरगाणा-पेठेतून मजुरांची कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे उतरतात. बागेच्या कडेला ताडपत्रीखाली पाच-सहा माणसं राहतात. त्यांतला एकजण खोकत असतो. तो माझ्यापर्यंत येतो तेव्हा वजन अडतीस किलो. औषध फुकट असतं, ते सुरू होतं. पण ताडपत्रीखालच्या बाकीच्या पाच जणांचं काय?

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात नेमका हा प्रश्न घेऊन एक मोठी चाचणी झाली. क्षयरोग्यांच्या घरातल्या दहा हजारांहून जास्त माणसांना तिनं समाविष्ट केलं. सगळ्याच रुग्णांना शिधा मिळाला. निम्म्या गावगटांत घरच्यांनाही दर महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या. त्या घरांत नव्यानं क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. डाळ-तांदळानं! एखाद्या लशीनं एवढं केलं असतं तर तिची बातमी पहिल्या पानावर आली असती.

सरकार या दिशेनं सरकलं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. रुग्णाला पोषणासाठी मिळणारे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. देणगीदार 'निक्षय मित्र' शिधा देतात आणि तो आता घरच्यांनाही द्यावा असं म्हटलं जातं. पण देणगीदार सापडला तर डाळ, नाही तर नाही, असा उपचार मी कुठल्याही रुग्णाला लिहून देणार नाही. हा हक्क असायला हवा. आणि ते जमणार नाही असं कुणी म्हणू नये. २०२२ च्या दिवाळीला याच राज्यानं रवा, चणाडाळ, साखर आणि तेल असा आनंदाचा शिधा रेशन दुकानांमधून शंभर रुपयांत वाटला. रस्ता तयार आहे. खुडणीच्या मजुरांना निफाडच्या रेशन दुकानातही शिधा घेता येतो, कारण देशभर एकच रेशनकार्ड चालतं. क्षयरोग्याच्या घरच्या कार्डावर सहा महिने जादा डाळ-तांदूळ चढवायचा, एवढाच निर्णय हवा आहे.

पैशाची गोष्ट टाळता येत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सार्वजनिक आरोग्यावर २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के खर्च करायचं ठरलं होतं. ते साल उलटलं, उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबानुसार आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांच्या खिशातून जात होता, आणि त्यातला मोठा भाग ओपीडी आणि औषधांचा असतो. याउलट आपला विम्याचा सगळा भर दाखल झालेल्या रुग्णावर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेनं अनेकांचे प्राण आणि जमिनी वाचवल्या, हे मी रोज बघते. तिच्यात डायलिसिस बसतं. पण ज्या बीपी-शुगरनं किडनी गेली, त्यांच्या रोजच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत.

त्या गोळ्या सरकारी केंद्रात मिळायला हव्यात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हा चांगलाच निर्णय. पण 'मोफत' आणि 'आहे' हे दोन वेगळे शब्द आहेत. साठा संपला की मोफतचा अर्थ समोरच्या मेडिकलमध्ये जा एवढाच उरतो. तमिळनाडूनं १९९५ पासून औषध खरेदीचं महामंडळ चालवलं, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम ठेवलं आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक दिलं. आपल्या वाट्याच्या रकमेतून कुठलं औषध किती उचलायचं, हे तिथला डॉक्टर ठरवतो. आपल्याकडे खरेदीची व्यवस्था काही वर्षांच्या अंतरानं बदलत राहिली आणि प्रत्येक बदलात मधले महिने रुग्णांनी भोगले.

"पुरावा येईपर्यंत थांबायचं का? तोवर माणसं मरतील." हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण 'अजून अभ्यास हवा' म्हणत काहीच न करणारेही मी पाहिले आहेत. पण थांबायची गरज नसते. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. कुठलीही नवी योजना एका दिवसात सगळीकडे नीट सुरू होत नाही. कुठे आधी, कुठे मागाहून, हे होतंच, फक्त ते कुणाच्या वजनावर होतं. त्याऐवजी चिठ्ठ्या टाकून पाच तालुके यंदा, पाच पुढच्या वर्षी, पाच तिसऱ्या वर्षी असं ठरवा. आधीच्या आणि नंतरच्या तालुक्यांत फरक किती पडला ते मोजा. कुणीही वंचित राहत नाही आणि तीन वर्षांत खरं उत्तर हातात येतं. मेक्सिकोनं १९९७ मध्ये गरीब कुटुंबांसाठीची मदत योजना ५०६ गावांत अशीच टप्प्यानं आणली. पुढे २००० साली तिथलं सरकार बदललं, योजनेचं नावही बदललं, पण योजना टिकली. तिच्यामागे आकडे उभे होते. आपल्याकडे नाव बदलताना आतलं काय चालत होतं आणि काय नाही, हे कुणी विचारत नाही.

हे मोजायला माणसं कुठून आणायची? ती आपल्याच गावात आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. त्याच्या छत्राखाली पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो. मी असे कित्येक प्रबंध वाचले आहेत. मेहनत खूप, प्रश्न मात्र बहुतेकदा गाईडनं सुचवलेला, शंभर वेळा होऊन गेलेला. ते ग्रंथालयातल्या कपाटात जातात. जिल्हा नियोजन समितीनं दरवर्षी आपले खरे दहा प्रश्न विद्यापीठाला दिले तर? कुठल्या केंद्रात बीपीची गोळी किती दिवस संपलेली असते, गेल्या वर्षीच्या शिबिरांतले किती रुग्ण आज औषधावर आहेत, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं कार्ड मिळालेल्या किती मुलांना त्यावरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित मिळतं. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झालं आणि तपासण्या जोरात झाल्या. आपल्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे. कार्डानं मुलाचं दुखणं थांबत नाही.

या मोजणीतून आम्ही डॉक्टरांनीही सुटू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांतली ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली दिसली, सरकारीमध्ये १४ टक्के. एवढ्या फरकाचं स्पष्टीकरण बायकांच्या शरीरात सापडणार नाही. अशक्तपणाला सलाइन आणि सर्दीला अँटिबायोटिक देणं आमच्याकडूनच होतं. माझ्या रुग्णालयाचे आकडे जाहीर करायला सांगितलेत तर मी करीन. सगळ्यांवर ते बंधनकारक करा, म्हणजे एकट्या-दुकट्याला भीती वाटणार नाही.

पेठचे ते गृहस्थ आता काठीच्या आधारानं चालतात. गेल्या महिन्यात त्यांना घेऊन मुलगा आला होता. तिशीतला, खुडणीला जाणारा, धडधाकट. त्यांचा बीपी घेऊन झाल्यावर मी सहज त्याचाही घेतला. १५०/१००. दहा मिनिटं बसवून परत घेतला, तेवढाच आला. मी त्याला महिन्याची गोळी लिहून दिली आणि पुढची गावाजवळच्या उपकेंद्रातून घ्यायला सांगितली. दारापर्यंत जाऊन तो परत आला आणि म्हणाला, "म्याडम, तिथं नसली तर?"